विमा कंपनी दाद देत नसेल तर



जनावराचा विमा उतरवायचा असतो तेव्हा एजंट गोठ्यापर्यंत येतो, कानाला बिल्ला मारून जातो. जनावर दगावले की मात्र साहेब जागेवर नसतात. "फाईल वर पाठवली आहे, पुढच्या आठवड्यात या," एवढे ऐकून आपला माणूस एस.टी. धरून परत येतो. अशा तक्रारी आमच्या गट ऑफिसात वरचेवर येतात, म्हणून हा विषय जरा खोलात जाऊन मांडत आहोत.

एका सभासदाचेच घ्या. कर्ज काढून घेतलेली दुभती म्हैस दगावली. शवविच्छेदनाचा दाखला आणि बिल्ला, सगळे त्याने दोन दिवसांत कंपनीत नेऊन दिले. पोच मात्र घेतली नाही. दहा महिन्यांत नऊ हेलपाटे झाले. इकडे बँकेचे व्याज चढतच होते. आणि शेवटी टेबलावरच्या माणसाने विचारले, "बिल्ला कुठं आहे?" आता काय सांगणार! नऊ हेलपाट्यांचा कागदावर मागमूस नव्हता.

गोम इथेच आहे. तोंडी विचारपूस कितीही केली तरी नियमाच्या हिशेबी ती झालीच नाही. विमा लोकपालांचे २०१७ चे नियम असे आहेत की, आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. कंपनीने ती फेटाळली, उत्तर पटण्यासारखे दिले नाही, किंवा महिना उलटून गेला तरी उत्तरच आले नाही, तर लोकपालांकडे जाता येते. म्हणजे कंपनी गप्प बसली म्हणून आपले अडत नाही. पण तो महिना लेखी अर्जापासून धरतात, हेलपाट्यापासून नाही. महिना संपल्यावर वर्षाच्या आत लोकपालांकडे गेले पाहिजे. तिथे फी नाही, वकील लावावा लागत नाही, आणि लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. पुण्यात आणि मुंबईत त्यांची कार्यालये आहेत. मात्र तेच प्रकरण कोर्टात किंवा ग्राहक आयोगात चालू असेल, तर लोकपाल ते घेत नाहीत.

त्या सभासदाला घेऊन आम्ही प्रथम जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या नोंदीवरून दाखल्याची दुसरी प्रत मिळाली. बिल्ला काढण्याआधी मुलाने मोबाईलवर फोटो काढला होता, त्यात नंबर स्वच्छ दिसत होता. पोराने केले ते बापाला सुचले नव्हते! मग पॉलिसी नंबर, बिल्ला नंबर, मृत्यूची तारीख आणि कागद दिल्याची तारीख घालून एक पानी अर्ज कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याच्या नावे स्पीड पोस्टाने पाठवला. महिना गेला, उत्तर नाही. पोस्टाची पावती जोडून पुण्याला लोकपालांकडे तक्रार केली. तिकडून कंपनीला विचारणा गेली आणि सुनावणीच्या आधीच रक्कम बँकेच्या कर्जखात्यात जमा झाली. मधल्या व्याजाचा भुर्दंड मात्र बसला तो बसलाच.

"तुम्ही उशिरा कळवले" हे कारण पुष्कळांना ऐकवले जाते. जनावर मेल्याबरोबर कळवावे हे खरेच. पण उशीर टाळता येण्यासारखा नव्हता, तर केवळ त्या एका सबबीवर खरा दावा नाकारू नये, असे विमा नियामक प्राधिकरणाने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावले आहे. उशिराचे कारण अर्जातच लिहावे. नकार द्यायचा असेल तर कारणांसह लेखी द्या, असेही त्यात मागावे.

ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, पण मुदत दोन वर्षांची. पत्रे पाठवत राहिल्याने ती वाढते असे समजू नये.

बिल्ला गळून पडला तर त्याच दिवशी लेखी कळवून नवा मारून घ्यावा. बिल्ल्याविना दावा फार करून अडतोच.

अर्जाचा नमुना प्रत्येक गट ऑफिसात ठेवला आहे. येताना पॉलिसीची झेरॉक्स आणावी. कर्जाचे जनावर असेल तर पॉलिसी बहुधा बँकेतच असते, ती आधी मागून घ्यावी.