दादाच्या पंच्याहत्तरीला काय द्यावं?

चि. ओंकार,

तुझी यादी वाचली. मसाजची खुर्ची, पावलं मोजणारं घड्याळ, चांदीचं निरांजन आणि कारवां रेडिओ. निरांजन आधी खोड. चांदी दिसली की वहिनी ती थेट लॉकरमध्ये नेऊन ठेवते. खुर्चीला तुमच्या हॉलमध्ये जागा कुठे आहे? आणि दादा किती चालतो, हे त्याला घड्याळाने सांगायची गरज नाही. दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना तो स्वतःच सांगत असतो.

गणपतीला घरी जाशील, तेव्हा काही विकत घेण्याआधी दोन दिवस नुसतं बघ. कुठे काय सुतळीने बांधलंय, कशासाठी शेजारच्या मुलाला हाक मारावी लागते. बाथरूममध्ये स्टुलावरून उठताना दादा नळाची तोटी धरतो. त्याचा हात आपसूक जिथे जातो, तिथेच भिंतीत स्टीलचा दांडा बसवून घे. रबरी चकतीने चिकटवायचा नको, तो ऐनवेळी सुटतो. ड्रिल मारून, विटेत पक्का. मात्र हा वाढदिवसाची भेट म्हणून देऊ नकोस. समारंभात लोकांसमोर आधाराचा दांडा कुणाला हवा असतो? आदल्या आठवड्यात प्लंबर बोलावून गुपचूप उरकून टाक.

वहिनीला साडी घेणारच असशील, तर फॉल-पिको करून आणि ब्लाउज शिवूनच दे. तिच्या कपाटात कोऱ्या साड्यांची चळत आहे. सगळ्या चांगल्या, पण शिंप्याकडे जायचं कुणी, म्हणून पडून राहिलेल्या. तिचा हल्लीचाच एखादा ब्लाउज मापाला ने आणि हुक पुढून लावायला सांग. खांदा धरल्यापासून तिचा हात मागे जात नाही. काठ जड नकोत, सुती घे.

गाण्यांचा तो कारवां रेडिओ मला पसंत आहे. इंटरनेट लागत नाही, बटण फिरवलं की गाणं सुरू. पण चार्जरची पिन बारीक असते, सरळ-उलट कळत नाही. वरच्या बाजूला लाल नेलपॉलिशचा ठिपका दे आणि एकदा दादाच्याच हाताने लावून बघ.

आता खरी भेट. पंच्याहत्तरी झाली की राज्यात एसटीचा प्रवास फुकट, ऑगस्ट २०२२ पासून. वहिनीला मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच. दादा औंधच्या शाळेत शिकला आणि साताऱ्यात राहूनही कित्येक वर्षांत तिकडे फिरकलेला नाही. गाडीने नेतो म्हणालास तर 'पेट्रोल कशाला जाळतोस' म्हणेल. एसटी म्हटलीस की आधार कार्ड खिशात टाकून तयार. तू मात्र दोन दिवस रजा टाक. लॅपटॉप बंगळुरूलाच ठेव. त्याच्या शाळेसमोर उभा राहिलास की तो तासभर बोलेल, मध्ये बोलू नकोस. यमाईच्या डोंगरावरच्या मूळपीठाचा हट्ट धरू नका, तिचं गावातल्या देवळातलं दर्शन पुरे.

वहिनीला यातलं काही विचारत बसू नकोस, 'काही नको' हेच उत्तर येईल. किंमत मात्र दोघंही विचारतील. तेव्हा निम्मीच सांग. एवढं खोटं चालतं, नाहीतर रेडिओ खोक्यातून बाहेर निघायचा नाही.

तुझी,
आत्या