सोमवारची दहा मिनिटं

ही हकिगत ज्या जोडप्याची, त्यातली बायको मीच. पण ‘मी’ असं लिहायला घेतलं की राग उफाळतो आणि कागदावर नुसतं भांडण उतरतं. म्हणून ‘ती’ आणि ‘तो’ असंच लिहिते.

बेत सुटसुटीत होता. अंबाबाईचं दर्शन, पन्हाळा, खिद्रापूर. एक जेवण त्याच्या मावशीकडे मंगळवार पेठेत, एक तिच्या मामांकडे कुरुंदवाडला. सुट्टी शनिवार-रविवारचीच, म्हणून शुक्रवारी रात्री साडेनऊला कोथरूडहून निघायचं ठरलं. गाडी एजंटकडून ठरवली, चौदा रुपये किलोमीटर. तिने विचारलं नव्हतं असं अजिबात नाही. “एकूण किती होतील?” असं तिने फोनवर दोनदा विचारलं. “ताई, जेवढी चालेल तेवढी. काळजीच करू नका,” हे एजंटचं उत्तर तिला आजही शब्दन् शब्द आठवतं.

शनिवारी देवळातून आल्यावर मिसळ झाली. कोल्हापुरात मिसळीबरोबर पावाच्या जाड स्लाइस देतात आणि कट मागाल तितका वाढतात. इथवर सगळं छान होतं. पन्हाळा शहरापासून वीसेक किलोमीटर. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातला हा गड २०२५मध्ये मराठ्यांच्या इतर अकरा किल्ल्यांसोबत जागतिक वारशाच्या यादीत गेला. पायथ्याशीच चालकाने सांगून टाकलं, “दीड तासात या, पुढं लेट होतंय.” पुढे कुठे जायचं होतं? मावशीकडेच तर! अंबरखान्यातली गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची तीन कोठारं, तीन दरवाजा, वरून साधी इमारत वाटणारी पण आत पायऱ्या उतरल्यावर विहीर दाखवणारी अंधारबाव, हे सगळं घड्याळाकडे बघत उरकलं. सज्जाकोठी राहिली ती राहिलीच. १६६०मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यात शिवाजी महाराज याच गडावर चार महिने होते. जुलैतल्या एका रात्री ते वेढ्यातून कुठल्या बाजूने बाहेर पडले असतील, ते तटावर उभं राहून बघायचं त्याच्या मनात शाळेपासून होतं. गडाला अर्धा दिवस लागतोच. त्याहून कमी वेळ असेल तर तिकडे फिरकू नये.

मावशींनी दुपारपासून रस्सा लावला होता. पांढऱ्याला मटणाचं पाणी आणि नारळाचं दूध, तांबड्याला भाजलेलं वाटण आणि कांदा-लसूण चटणी. ताटं मांडली आणि चालकाचा फोन आला. पाच मिनिटांनी दुसरा. तिसऱ्या वेळी गल्लीच्या तोंडाशी हॉर्नच वाजला. दहानंतर गाडी चालवणार नाही म्हणे. मावशी पळी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. “पोरांनो, ताट वाढल्यावर उठताय व्हय रं?” एवढंच म्हणाल्या. सत्तरी ओलांडलेल्या बाईने उभं राहून केलेला स्वयंपाक होता तो. मावशींबरोबर गंगावेशीत जाऊन म्हशीचं धारोष्ण दूध प्यायचं ठरलं होतं, तेही हुकलं. लॉज मावशींच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर होता. गाडी सोडून द्यायला हवी होती, पण दिवसभराच्या धाकाने तेवढंही सुचलं नाही.

रविवारी नरसोबाच्या वाडीला दर्शन घेतलं, मामांसाठी कवठाची बर्फी घेतली. मामांकडचं जेवण त्यातल्या त्यात निवांत झालं, कारण मामांनी चालकालाच आधी पानावर बसवलं. ही युक्ती त्यांची, आणि ती सगळ्यांनी उचलावी: नातेवाइकांकडे जेवायला जाताना “ड्रायव्हर धरून तीन माणसं” असं आधीच कळवायचं.

खिद्रापूरला मिळाली वीस मिनिटं. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं आहे, बारा खांबांच्या वर्तुळावर पेललेलं. खालच्या गोल रंगशिलेवर उभं राहिलं की डोक्यावर नेमकं तेवढंच आभाळ दिसतं. बाहेर जोत्यावरचे हत्ती बघत ती निम्म्यावर आली असेल नसेल, तोच हॉर्न वाजला.

एवढी घाई करणारा हाच माणूस परतीला कऱ्हाडजवळच्या एका ढाब्यावर सव्वा तास बसला. तिने दोनदा जाऊन विचारलं. “चहा झाला की निघू.”

कोथरूडला सोसायटीच्या फाटकात गाडी थांबली तेव्हा पावणेबारा वाजले होते. चालकाने आतला दिवा लावला, स्टिअरिंगवर पावतीपुस्तक टेकवलं, निळा कार्बन सरळ केला आणि लिहिलं: दिवस ४. तिला वाटलं चूक झाली. दिवस तर दोन! तो मान वर न करता म्हणाला, “शुक्रवार धरायचा. आणि गाडी हडपसरला गॅरेजला पोचेस्तोवर बारा दहा होतात. म्हणजे सोमवार लागला.” दिवसाला किमान तीनशे किलोमीटर. म्हणून बाराशे किलोमीटरचे १६,८०० रुपये, वर रोजचा चारशे भत्ता चार दिवसांचा, टोल वेगळा. गाडी खरी चालली होती ६९० किलोमीटर, तीही गॅरेजपासून गॅरेजपर्यंत मोजून. ढाब्यावरचा सव्वा तास कशासाठी होता, ते तिला त्या क्षणी उमगलं. त्या तासाने पूर्ण एक दिवस आकारला गेला. एजंटने त्या रात्री फोन उचलला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, “सगळ्यांचा हाच नियम आहे, ताई.” नियम असेल. पण तो निघण्याआधी सांगायचा असतो.

तेव्हा गाडी ठरवणाऱ्यांनी दराच्या आधी दिवसाची व्याख्या विचारावी: चोवीस तास, की रात्री बारा ते रात्री बारा? बारा ते बारा असेल तर रात्री मुळीच निघू नये, पहाटे पाचला निघावं. शुक्रवारच्या अडीच तासांसाठी पूर्ण दिवसाचे पैसे जातात. किलोमीटर दारापासून की गॅरेजपासून, रोजचे किमान किती, भत्ता किती रात्रींचा, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावं. तोंडी काही ऐकूच नये. चढताना आणि उतरताना मीटरचा फोटो काढावा. बाकी पाणी, छत्री, रोख पैसे हे काय, कोणीही सांगेल.

खरं तर पुण्याहून गाडी न्यायचीच गरज नव्हती. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी कोल्हापुरात सोडते. पन्हाळ्याला मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी आहे. आठ तास-ऐंशी किलोमीटरच्या लोकल गाडीतही पन्हाळा बसतो; खिद्रापूर मात्र बसत नाही, जाऊन-येऊनच त्याहून जास्त होतं.

९ ते ११ नोव्हेंबरला अंबाबाईचा किरणोत्सव असतो, मावळतीचे किरण देवीपर्यंत पोचतात. मावशींनी बोलावलंय. या वेळी तिकिटं रेल्वेची काढली आहेत. खिद्रापूरला मामा शेजाऱ्याच्या रिक्षातून नेणार आहेत, भरदुपारी, आणि परतायची वेळ कोणी विचारायची नाही असं त्यांनी आत्ताच बजावलंय.