वर्गातील संगणक आणि विशेष गरजा असलेले विद्यार्थी
(प्राथमिक शिक्षकांसाठी अभ्यासपाठ)

१. विषयप्रवेश

दृष्टी अधू असलेले मूल खेड्यातील शाळेत दाखल झाले, की त्यास पहिल्या बाकावर बसविण्यात येते. हेतू चांगला असतो. परंतु फळ्यावरील अक्षर त्यास तेथूनही दिसत नसेल, तर पहिला बाक व शेवटचा बाक यांत त्याच्यापुरता काही भेद उरत नाही. ते मूल इतरांच्या आवाजात आवाज मिसळून कविता म्हणते, वहीत रेघोट्या ओढते आणि वर्षाअखेर पुढील इयत्तेत जाते. त्यास काय येते व काय येत नाही, याचा थांग शिक्षकास लागत नाही. मुलास मात्र एवढे पक्के कळलेले असते, की वाचणे हे दुसऱ्यांचे काम आहे. बहुधा त्याच शाळेच्या एका खोलीत, धूळ बसू नये म्हणून कापड घातलेला एक संगणक असतो. हे मूल आणि तो संगणक यांची गाठ कशी घालून द्यावी, हा ह्या पाठाचा विषय होय.

पूर्वी अशा मुलांपुढे एकच मार्ग असे. नागपूर शहरात दक्षिण अंबाझरी मार्गावर अंध विद्यालय व शंकरनगरात मूकबधिर विद्यालय आहे. घर सोडून तेथे राहणे ज्यास शक्य होई, तो शिके. अशा विद्यालयांची गरज आजही आहे. तथापि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर आणि दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यानंतर गावातील शाळेचे दार ह्या मुलांस हक्काने उघडे झाले आहे. दुसऱ्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले असून, ठरावीक प्रमाणाहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यास वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत पुस्तके व योग्य साहाय्यक साधने विनामूल्य द्यावीत, असे सांगितले आहे. दार उघडले, हे खरे. पण आत आलेल्या मुलास वाचता येईल अशी व्यवस्था शिक्षकानेच करावयाची आहे.

२. संगणकात असलेली साधने

पुष्कळ साधने संगणकात मुळातच असतात. विंडोज संगणकावर विंडोजची खूण असलेली कळ व ‘यू’ ही कळ एकदम दाबली असता त्यांची यादी समोर येते.

(अ) अधू दृष्टीसाठी : विंडोजची कळ व अधिक चिन्हाची कळ दाबली की पडद्यावरील मजकूर भिंगातून पाहावा तसा मोठा होतो. काही मुलांस पांढऱ्यावरील काळ्या अक्षरापेक्षा काळ्यावरील पांढरे अक्षर स्पष्ट दिसते. मुलास विचारून व दोन्ही दाखवून निवड करावी.

(आ) हातांच्या हालचालीत अडचण असल्यास : शिफ्ट ही कळ लागोपाठ पाच वेळा दाबली असता ‘स्टिकी कीज’ ही सोय सुरू होते. मग दोन कळा एकदम न दाबता एकीमागून एक दाबल्या तरी चालतात. ज्याचा हात थरथरतो त्याच्यासाठी ‘फिल्टर कीज’ आहे. तिच्यामुळे चुकून पडलेला पुनःपुन्हा स्पर्श संगणक मानीत नाही. ज्यास लिहिणे अवघड पण बोलणे सोपे आहे, त्यास मोबाइलवर बोलून मराठी मजकूर उमटविता येतो.

(इ) कर्णबधिर मुलांसाठी : बोललेले शब्द अक्षररूपाने दाखविणारी साधने मोबाइलवर आहेत. तथापि ज्या मुलास अद्याप वाचता येत नाही, त्यास त्यांचा लाभ नाही. त्यास प्रथम भाषा हवी. भारतीय सांकेतिक भाषेचा ३००० शब्दांचा चित्रफीत-कोश २०१८ साली प्रसिद्ध झाला व पुढे तो वाढत गेला. शिक्षकाने त्यातून रोज पाच खुणा सर्व वर्गास शिकवाव्यात. म्हणजे त्या मुलाशी बोलणारे मित्र तयार होतील.

(ई) अंध मुलांसाठी : पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीस स्क्रीन रीडर म्हणतात. त्यांपैकी ‘एनव्हीडीए’ ही विनामूल्य आहे. मायकेल करन ह्या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ साली ती लिहावयास घेतली व जेम्स टेह हा दुसरा अंध तरुण त्यास येऊन मिळाला. त्या काळी अशी आज्ञावली फार महाग असे. ज्यास तिची गरज त्यालाच ती परवडू नये, हे त्यांस योग्य वाटले नाही. तिची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन कोणत्याही विंडोज संगणकावर चालविता येते; इंटरनेट नसलेल्या शाळेसही ती उपयोगी पडते. तिच्यातील ‘ईस्पीक’ ह्या आवाजांत मराठीही आहे. तो यांत्रिक वाटतो, परंतु मुलांचा कान लवकर सरावतो. प्रारंभी वाचनाची गती मंद ठेवावी.

३. संगणक मुका का राहतो?

एखादा शिक्षक रात्री जागून धडा टंकलिखित करतो, सकाळी स्क्रीन रीडर सुरू करतो आणि संगणक रोमन अक्षरे व चिन्हे बडबडू लागतो. शिक्षक निराश होतो व यंत्रास मराठी येत नाही असा निष्कर्ष काढतो. दोष यंत्राचा नसतो.

मराठीच्या जुन्या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले असत. डोळ्यांस ‘क’ दिसे, पण संगणकाच्या पोटात कोणते तरी रोमन अक्षर किंवा चिन्ह साठविलेले असे. युनिकोड पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णास त्याचा स्वतःचा क्रमांक आहे. त्यामुळे ‘क’ हा संगणकास ‘क’ म्हणूनच कळतो व स्क्रीन रीडर त्याचा उच्चार करतो. डोळस वाचकास दोन्ही मजकूर सारखेच. अंध मुलास एक धडा, तर दुसरा निरर्थक गोंगाट.

परीक्षा सोपी आहे. मजकुराच्या दोन ओळी उचलून नोटपॅडमध्ये टाकाव्यात. मराठी राहिली तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. रोमन अक्षरांचा गोंधळ झाला तर तो जुन्या फाँटात आहे आणि त्याचे रूपांतर केले पाहिजे.

छापील पानाचे नुसते छायाचित्र काढून दिले, तर त्यात संगणकास अक्षरे नसून केवळ चित्र असते. चित्रातील मराठी अक्षरे ओळखणाऱ्या सोयी आता उपलब्ध आहेत. परंतु त्यांत जोडाक्षरांच्या चुका राहतात, यास्तव शिक्षकाने मजकूर एकदा ताडून पाहावा. दिव्यांग विद्यार्थ्यासाठी पुस्तकाची अशी वाचनसुलभ प्रत करण्यास कॉपीराइट कायद्याने २०१२ च्या दुरुस्तीनंतर मुभा दिली आहे. तयार पुस्तकांसाठी २०१६ साली सुरू झालेले ‘सुगम्य पुस्तकालय’ आहे. तेथे दृष्टिबाधित वाचकाची नोंदणी करावी लागते.

धडा तयार करताना आणखी एक पथ्य पाळावे. ‘शेजारील चित्र पाहा’ ह्या वाक्यापाशी अंध मूल थांबून राहते. तेथे चित्राचे दोन वाक्यांत वर्णन द्यावे : ‘विहिरीच्या काठावर एक मुलगी उभी आहे, तिच्या हातात दोर आहे.’ अपूर्णांकही शब्दांत लिहावा : ‘तीन छेद चार’.

४. ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे

येथे एक सावधगिरी हवी. जे मूल केवळ ऐकते, त्यास शब्दाचा अर्थ कळतो, पण शब्दाचे अंग कळत नाही. ‘दिन’ म्हणजे दिवस व ‘दीन’ म्हणजे गरीब. ‘सुत’ म्हणजे मुलगा व ‘सूत’ म्हणजे धागा. बोलण्यात हा भेद पुष्कळदा पुसला जातो, यंत्राच्या आवाजात तर तो अधिकच पुसट होतो. म्हणून संगणक आला तरी ब्रेल सोडू नये. बोटांखालच्या सहा टिंबांत ऱ्हस्व व दीर्घ निराळे लागतात.

ह्याचसाठी मुलास कळफलकावर लिहावयास शिकवावे. इन्स्क्रिप्ट हा मानक कळफलक वर्णमालेच्या शिस्तीने रचलेला आहे. डाव्या हाताकडे स्वर व स्वरचिन्हे, उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजने. दोन्ही तर्जन्या जेथे टेकतात त्या कळांवर बारीक उंचवटा असतो : डावीकडे ऱ्हस्व वेलांटी, उजवीकडे ‘र’. ऱ्हस्व वेलांटीच्या लगेच वरच्या ओळीत दीर्घ वेलांटी, ऱ्हस्व उकाराच्या वर दीर्घ उकार. ‘क’ च्या कळेवर शिफ्टसह ‘ख’, ‘त’ च्या कळेवर ‘थ’. ‘ऱ्हस्व खाली, दीर्घ वर’ एवढे सूत्र मुलाच्या बोटांस पाठ झाले, की ‘दिन’ आणि ‘दीन’ लिहिताना त्याचे बोट वेगवेगळ्या जागी जाते. कानाने न पकडलेला भेद हात पकडतो.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी बालपणीच गेली. त्या मुंबईत दादरच्या कमला मेहता अंध विद्यालयात शिकल्या व पुढे स्क्रीन रीडरच्या साहाय्याने अभ्यास करून २०१६ साली ७७३ व्या आणि २०१७ साली १२४ व्या क्रमांकाने केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पुढे त्या भारतीय प्रशासन सेवेत रुजू झाल्या. शाळेने घातलेला पाया आणि त्यावर यंत्राचे साहाय्य, हा क्रम शिक्षकांनी ध्यानात घ्यावा.

५. पहिल्या आठवड्याचा पाठ

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. पहिल्या पंधरवड्यातच हा पाठ सुरू करावा. रोज २० मिनिटे पुरेशी होत.

पहिला दिवस : मुलाने संगणकास हात लावून त्याचे भाग ओळखावेत. नंतर इन्सर्ट व १ ह्या कळा एकदम दाबाव्यात. आता प्रत्येक कळ दाबताच एनव्हीडीए तिचे नाव सांगते, दुसरे काहीही घडत नाही. काही बिघडण्याची भीती नसल्याने मूल मोकळेपणाने शोध घेते. त्यास थांबवू नये. पाठ संपताच त्याच दोन कळा पुन्हा दाबून नेहमीची स्थिती आणावी.

दुसरा व तिसरा दिवस : उंचवट्याच्या दोन कळा शोधणे व बोटे मधल्या ओळीवर ठेवणे. मधल्या ओळीतील वर्णांनी ‘पोर’, ‘चोर’, ‘केर’ हे शब्द लिहिणे.

चौथा दिवस : शिक्षकाने तयार केलेला पाच ओळींचा उतारा ऐकणे. इन्सर्ट व खालच्या बाणाची कळ दाबली की वाचन सुरू होते, कंट्रोल दाबली की थांबते. थांबविण्याची कळ आधी शिकवावी.

पाचवा दिवस : उताऱ्यावरील एका प्रश्नाचे उत्तर मुलाने स्वतः लिहावे.

सहावा दिवस : मुलाने ते उत्तर संगणकाकरवी सर्व वर्गास ऐकवावे. हा दिवस गाळू नये. आजवर दुसऱ्यांचे ऐकत आलेल्या मुलाचा लेख त्या दिवशी वर्ग प्रथमच ऐकतो.

अडचण आल्यास गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांचे साहाय्य घ्यावे. परंतु त्यांच्याकडे अनेक शाळा असतात. रोजचा सराव वर्गशिक्षकानेच घ्यावयाचा आहे.

६. शिक्षकांनी करावयाच्या कृती

(१) आपण तयार केलेल्या मराठी प्रश्नपत्रिकेची नोटपॅड-परीक्षा घ्या.
(२) चालू इयत्तेच्या मराठीच्या एका धड्यातील सर्व चित्रांची वर्णने प्रत्येकी दोन वाक्यांत लिहा.
(३) डोळे मिटून एनव्हीडीएच्या साहाय्याने एक उतारा उघडा, ऐका व बंद करा. किती वेळ लागला व कोठे अडलात, याची नोंद ठेवा. परीक्षेत त्या मुलास अधिक वेळ का द्यावा लागतो, याचे उत्तर त्या नोंदीत सापडेल.