घरात काय आहे?

(अभ्यासपाठ. वाचनासाठी शास्त्रभाग : २ राजे ४:१-७, रूथ अध्याय २, मत्तय २०:१-१६, प्रेषितांची कृत्ये १८:१-४. शिक्षकांनी पाठ घेण्यापूर्वी चारही भाग घरी वाचावेत.)

दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० साली ग्वाल्हेर किल्ल्याच्या पायथ्याशी पडली आणि तीच पुढे लष्कर शहर झाली. त्या लष्करात आमची दाना ओली आहे. मराठी कानाला त्या 'ओली'त आपली ओळ ऐकू येते, दुकानांची ओळ. छावणीबरोबर दक्षिणेतून शिलेदार आले, कारकून आले, पुजारी आले, आचारी आले, आणि त्यांची घराणी येथेच रुजली. आपल्याकडे शेती उत्तम, व्यापार मध्यम आणि नोकरी कनिष्ठ असे म्हणण्याची रीत आहे खरी. पण ग्वाल्हेरच्या मराठी माणसाने ती म्हण कधी मनावर घेतली नाही. त्याच्या लेखी दरबारची नोकरी सर्वांत उत्तम. दाण्याची पोती बाजारातल्या लोकांनी उचलावीत, आपण लेखणी धरावी, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली.

ती समजूत पहिल्यांदा हलली १९४८ साली. मे महिन्यात मध्यभारत राज्य झाले आणि दरबार संपला. नंतर १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली. काही कचेऱ्या ग्वाल्हेरात राहिल्या, पण आजोबांच्या शब्दावर नातवाला चिकटवून घेण्याचे दिवस गेले. पुष्कळांनी मग बिर्लानगरची वाट धरली. जियाजीराव कॉटन मिल तेथे १९२१ पासून चालू होती. भोंगा वाजला की कामावर जावे, पगाराच्या दिवशी पाकीट घ्यावे. हाही एक दरबारच म्हणा. १९९२ साली तीही गिरणी बंद पडली.

इंदूरचे पाहा. तेथील हुकूमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद झाली आणि कामगारांच्या देण्याचा निवाडा होऊन सुमारे २२४ कोटी रुपये वाटपासाठी आले ते २०२३ च्या डिसेंबरात. मध्ये बत्तीस वर्षे गेली. जवळपास ४,८०० कामगारांचा हा हिशेब, आणि त्यांतल्या कित्येकांचा पैसा घेण्यास त्यांच्या विधवा किंवा मुले आली. ग्वाल्हेरच्या गिरणीच्या देण्यांचा प्रश्न तर त्यानंतरही सरकारदरबारी चर्चेत राहिला. हक्काचे पैसे मागावेत, अर्ज करावेत, कागद जपून ठेवावेत. पण ते येतील तेव्हा चूल पेटवू असे म्हणून कोणाचे घर चालले नाही.

मी हा पाठ लिहिण्यास बसलो त्याचे कारण मात्र एक लहान मुलगा आहे. १९९२ च्या पावसाळ्यात मी रविवारच्या शाळेत सात-आठ वर्षांच्या मुलांचा वर्ग घेत असे. तो मुलगा दर रविवारी दानाच्या थैलीत नाणे टाकी. एका रविवारी त्याने रिकामी मूठ थैलीत घालून उघडली. पुढच्या रविवारीही तेच. मी पाहिले आणि, आज सांगण्यास लाज वाटते, मी मनात म्हटले की पोरगा नाणे गोळ्यांवर उडवतो आहे. पुढे कळले की त्याचे वडील रोज सकाळी डबा घेऊन घरातून निघत, दिवसभर एका बागेत बसत, आणि संध्याकाळी घरी येत. तीन महिने हे चालले. गिरणी बंद झाल्याचे साऱ्या शहराला माहीत होते; पण त्यांनी घरी असे सांगितले होते की आपल्याला दुसरीकडे काम मिळाले आहे. पैसे ते कर्जाऊ आणीत होते. मंडळीत आम्ही त्यांच्या शेजारी बसून गीते गात होतो आणि कोणी विचारले नाही.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील मजुरांचा दाखला आपण नेहमी देवाच्या कृपेविषयी शिकवतो. ते योग्यच आहे. परंतु शिक्षकांनी या वेळी एका लहानशा गोष्टीकडे लक्ष द्यावे. दिवस मावळण्यास तासभर उरला असताना धनी बाजारात जातो तेव्हाही काही माणसे तेथे उभी आहेत. तो त्यांना विचारतो की रिकामे का उभे राहिलात, आणि ते सांगतात की आम्हांला कोणी कामावर लावले नाही. ती माणसे आळशी नव्हती. आळशी माणूस दुपारीच घरी जाऊन झोपला असता. ही मंडळी संध्याकाळपर्यंत चौकात टिकून राहिली. दाखल्यातील धन्याने त्यांना निदान विचारले तरी.

आता पाठाचा मुख्य भाग. दुसऱ्या राजांच्या चौथ्या अध्यायात एक विधवा अलीशाकडे येते. नवरा देवभीरू होता, पण कर्ज ठेवून मेला, आणि सावकार दोन मुलांना दास करून नेण्यास टपला आहे. अलीशा तिला दोन प्रश्न विचारतो : मी तुझ्यासाठी काय करू, आणि तुझ्या घरात काय आहे. ती आधी म्हणते की काही नाही, आणि मग आठवते की तेलाची एक कुपी आहे. आपण सगळे असेच उत्तर देतो. प्रथम 'काही नाही', आणि मग थोडे थांबून 'तसे म्हटले तर...'

नोकरी गेलेल्या माणसाला विचारा, तुम्हांला काय येते? तो आपला हुद्दा सांगतो. मी साचा खात्यात होतो, मी बड्या बाबूच्या हाताखाली होतो. हुद्दा तर गेला. हात गेले नाहीत. साच्यावर वीस वर्षे काढलेल्या माणसाला यंत्राचा आवाज बदलला की बिघाड कुठे आहे ते कळते, आणि हे ज्ञान पिठाच्या गिरणीला, शिवणयंत्राला, पाण्याच्या पंपालाही उपयोगी पडते. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांची गोष्ट येथे शिकवण्याजोगी आहे. क्लौद्य कैसराने यहूद्यांना रोम सोडण्याचा हुकूम दिला (हे इ. स. ४९ च्या सुमारास झाले असे बहुतेक अभ्यासक मानतात), आणि हे जोडपे करिंथास आले. घर गेले, गिऱ्हाइके गेली. तंबू करण्याचा धंदा मात्र हाताबरोबर आला. त्याच धंद्यामुळे पौल त्यांच्याकडे राहिला. पुढे ते इफिसास गेले, पुन्हा रोमास गेले. तंबू सगळीकडे लागतच होते. पौलासारखा विद्वान माणूस सुई-दोरा घेऊन बसला तेव्हा त्याला ते आपल्या पदाला कमीपणा आणणारे वाटले नाही, हे आमच्या लष्करातल्या लेखणीवाल्यांना मुद्दाम सांगावेसे वाटते.

लेखणीलाही मागणी आहेच, फक्त तिची जागा बदलली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि छोट्या व्यापाऱ्याला वेळेवर विवरणे भरण्याची पाळी आली. दाना ओलीसारख्या बाजारात ज्याला हिशेब स्वच्छ लिहिता येतो आणि संगणकावर हात चालतो, त्याला चार दुकानांचे काम मिळू शकते. एका धन्याची पूर्ण नोकरी नव्हे, चार धन्यांचे थोडे थोडे काम. यात एक फायदा असा की एकाने दार बंद केले तरी तीन उघडी राहतात.

जोडधंद्याचा विषय निघाला की आपल्या भगिनी प्रथम फराळाचे नाव काढतात, आणि त्यात चूक काही नाही. ग्वाल्हेरच्या जत्रेत, जी माधवराव शिंद्यांनी १९०५ साली सुरू केली आणि आजही हिवाळ्यात भरते, खाण्याच्या दुकानांवर किती झुंबड असते ते आपण पाहतो. पण फराळ करणाऱ्या दहा जणींपैकी आठ जणी हिशेब करीत नाहीत. समजा, किलोभर चकलीला सामान १४० रुपयांचे, गॅस २० आणि पिशवी १० रुपयांची लागली, एकूण १७०. विकली २४० ला. सत्तर रुपये सुटले म्हणून आनंद झाला. पण भाजणीपासून पिशवी बांधेपर्यंत तीन तास गेले असतील तर तासाला तेवीस रुपयेच पडले. तीच चकली एका बैठकीत तीन किलो केली आणि पाच तास लागले, तर २१० रुपये सुटतात आणि तासाला बेचाळीस पडतात. म्हणजे मागणी एकत्र करून आठवड्यातून एकदाच कढई ठेवणे शहाणपणाचे. आपल्या कष्टाचा भाव न धरता जी वस्तू विकते ती बाई धंदा करीत नाही, गिऱ्हाइकाला दान देते.

मुंबईत गिरगावात सात स्त्रियांनी १५ मार्च १९५९ रोजी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. लिज्जतची ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी देणगी घेण्याचे नाकारले आणि हिशेब पहिल्यापासून काटेकोर ठेवला, हा भाग सांगताना आपण गाळतो. गिरणगावात प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले तेव्हा खानावळ चालवणाऱ्या बायकांची मुख्य अडचण स्वयंपाकाची नव्हती, सावकाराच्या व्याजाची होती; मंडळामुळे त्यांना बँकेचे दार उघडले. १८ जानेवारी १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले. तेव्हा गिरणगावातल्या कितीतरी घरांची चूल बायकांच्या मिळकतीवर पेटली.

विधवेच्या गोष्टीत पैशाचा क्रम पाहावा. तेल विकल्यावर आधी कर्ज फेडावयाचे आणि उरलेल्यावर मुलांसह जगावयाचे. नव्या मिळकतीतून प्रथम नवे दूरदर्शन यंत्र घेण्याचा मोह होतो, कारण शेजाऱ्याला दाखवावयाचे असते की आपले बरे चालले आहे.

एक इशाराही द्यावा लागेल. अडचणीतल्या माणसाला फसवणे फार सोपे असते. मी स्वतः तरुणपणी 'घरबसल्या लेखनकाम' अशी जाहिरात वाचून एका पत्त्यावर अनामत रक्कम पाठवली होती. काम आले नाही, पैसेही नाहीत, आणि मी ते घरी सांगितलेही नाही. आता हेच भ्रमणध्वनीवर चालते : आधी लहानसे काम देऊन शंभर-दोनशे रुपये खात्यात टाकतात, विश्वास बसला की मोठी रक्कम मागतात. काम देणारा तुमच्याकडून आधी पैसे मागत असेल तर ते काम नव्हे, एवढे मुलांनाही समजावून सांगावे. रक्कम दुप्पट करून देणाऱ्या ठेवींविषयी २०१९ साली संसदेने अनियंत्रित ठेव योजनांवर बंदीचा कायदा केला. तरीही अशी माणसे मंडळीतल्या ओळखीनेच घरात शिरतात, हे दुःखाने लिहावे लागते.

आता मंडळीने काय करावे? रूथच्या पुस्तकात सरवा वेचण्याची चाल आहे. शेताचा कोपरा कापू नये, पडलेली कणसे उचलू नयेत, ती गरिबाला व परक्याला असावीत, असा नियम होता. वेचणारीला दिवसभर वाकावे लागे. आयते कोणी देत नसे. पण धन्यालाही काही सोडावे लागे. बवाजाने तर कापणाऱ्यांना मुद्दाम मूठमूठ टाकावयास सांगितले आणि रूथला लाज वाटेल असे काही बोलू नका असे बजावले. संध्याकाळी झोडपल्यावर एफाभर सातू निघाले. सातूची कापणी संपली, मग गव्हाची, आणि मग तेही काम थांबले. हंगामी मिळकतीचे असेच असते, तिच्यावर बारमाही खर्च बांधू नये.

आपल्या मंडळीत सरवा टाकणे म्हणजे काय? आपल्यातल्या शिंप्याकडे कपडे टाकावेत आणि शिलाई त्याच दिवशी द्यावी. आपण मात्र 'आपलाच माणूस' म्हणून भाव पाडतो आणि 'आपलाच माणूस' म्हणून उधारी ठेवतो. बाजारातल्या दुकानदाराला रोख देतो, आणि ज्याच्यासाठी प्रार्थना करतो त्याचे पैसे दोन महिने थकवतो. मंगलोरी कौले आपण सर्वांनी पाहिली आहेत. ख्रिस्ती झाल्यामुळे ज्यांचा पिढीजात धंदा सुटला त्यांना काम मिळावे म्हणून बासेल मिशनने विणकामाचे कारखाने काढले आणि १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना सुरू केला. त्याआधी शेती, सुतारकाम, घड्याळाचे काम असे प्रयोग झाले आणि त्यांतले काही फसले. ज्यांनी ते केले त्यांनी फसल्यावर हात झटकले नाहीत, दुसरे करून पाहिले. आपल्याजवळ कारखाना नाही. पण कोणाला काम हवे आहे आणि कोणाला काम करून हवे आहे, याची वही पाळकांच्या टेबलावर ठेवता येईल.

बागेत बसणाऱ्या त्या गृहस्थांचे पुढे काय झाले ते वाचक विचारतील. त्यांच्या पत्नीला शेवटी एका शेजारणीकडून कळले. ती त्या दिवशी डबा घेऊन स्वतः बागेत गेली आणि त्यांच्या शेजारी बसून जेवली. दुसऱ्या आठवड्यात दोघांनी मिळून सायकलदुरुस्तीची पेटी मांडली. फार चालले नाही. नंतर ते एका शाळेत पंप आणि दिवे पाहण्याचे काम करू लागले आणि तेथूनच निवृत्त झाले.

शिक्षकांसाठी : मोठ्यांच्या वर्गात हा प्रश्न विचारावा की आपल्या घरात कमावत्याची मिळकत आज थांबली तर किती महिने निभेल, आणि हे घरातल्या किती जणांना माहीत आहे. उत्तर वर्गात सांगण्याची सक्ती करू नये. लहानांच्या वर्गात दानाच्या थैलीकडे टक लावून पाहू नये. त्याऐवजी प्रत्येकाला एक चिठ्ठी द्यावी आणि 'मला काय येते' ते एका ओळीत लिहिण्यास सांगावे. मागच्या वर्षी आमच्या वर्गातल्या नऊ वर्षांच्या एका मुलीने लिहिले होते की मी सुई ओवून देते. तिची आजी शिवणकाम करते, आणि तिला आता बारीक दिसत नाही.