जेवणानंतरची कळ व आतड्याचा निरोप

लग्नाचे तेलातुपाचे जेवण जेवून आलेल्या मनुष्याच्या उजव्या बरगडीखाली तासा-दोन तासांनी कळ उठते. भाजीभाकर खाल्ली असता मात्र काही होत नाही. अशा वेळी कोणी करणी केली, नजर लागली, अशी भाषा आपल्या मंडळ्यांतही अजून ऐकू येते, म्हणून हा पाठ लिहिला आहे.

जठरात आंबट झालेले अन्न लहान आतड्यात उतरले की स्वादुपिंड आपला पाचक रस तेथे सोडते. अन्न आल्याचे त्याला कोण कळवितो? रशियातील पाव्हलॉव्ह ह्यांच्या प्रयोगशाळेत हे काम मज्जातंतूंचे मानीत. ता. १६ जानेवारी १९०२ रोजी लंडन येथे बेलिस व स्टार्लिंग ह्या मेहुण्यांनी बेशुद्ध केलेल्या कुत्र्याच्या आतड्याच्या एका वेढ्याचे मज्जातंतू तोडले, रक्तवाहिन्या तेवढ्या राखल्या, आणि त्यात आम्ल घातले. तरीही रस वाहू लागला. मग आतड्याचे अस्तर खरवडून, आम्लाबरोबर घोटून व गाळून त्यांनी तो अर्क शिरेत टोचला. रस पुन्हा वाहिला. निरोप रक्तातून जातो हे ठरले. त्या द्रव्यास त्यांनी सिक्रेटिन म्हटले, व अशा सर्व निरोप्यांस १९०५ साली स्टार्लिंग ह्यांनी हॉर्मोन हे नाव दिले. पाव्हलॉव्ह ह्यांनी तो प्रयोग आपल्याकडे करवून पाहिला व आपले चुकले असे कबूल केले. ही गोष्ट मला त्या शोधाइतकीच मोठी वाटते. (मज्जातंतूंचाही ह्यात वाटा आहे, हे खरेच.) सिक्रेटिनमुळे येणारा रस पातळ व खाण्याच्या सोड्याच्या गुणाचा असतो. तो आंबटपणा मारतो, आणि आंबटपणा गेला की निरोपही थांबतो.

आता त्या कळेकडे वळू. तेलतूप आतड्यात पोहोचले म्हणजे अस्तरातून दुसरा निरोप्या निघतो. १९२८ साली आयव्ही व ओल्डबर्ग ह्यांनी त्याला कोलेसिस्टोकायनिन हे नाव दिले. यकृतात झालेले पित्त ज्या पिशवीत साठते, ती त्याच्या हुकमाने आवळते, नळीचे दार उघडते व पित्त अन्नावर येते. स्वादुपिंडातील पाचक द्रव्येही तोच बाहेर काढवितो. पिशवीत खडे असले तर आवळताना एखादा तोंडाशी अडकतो, आणि कळ उठते. भाकरीत तेलाचा अंश थोडा, म्हणून तेव्हा पिशवी तितक्या जोराने आवळत नाही.

तेव्हा दुखणेकऱ्याच्या पापांचा हिशेब मांडीत बसू नये. प्रार्थना अवश्य करावी, पण उपदेशकाने त्याला दवाखान्यातही न्यावे. तेथे सोनोग्राफीत खडे बहुधा दिसतात. कळ चार-पाच तासांत थांबली नाही, थंडी वाजून ताप आला, किंवा डोळे पिवळे झाले, तर काविळीचे झाडपाल्याचे औषध देणाऱ्याकडे न जाता, रविवारच्या उपासनेचीही वाट न पाहता, त्याच दिवशी न्यावे.