लोणारचे जिवाणू आणि मामांचे चोपण रान

साबणाच्या पाण्यात हळदीचा कागद बुडवा. लालबुंद होतो! पाणी आम्लारी असल्याची ही खूण. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी असेच आम्लारी, शिवाय खारट. उल्केच्या आघाताने काळ्या खडकात पडलेला हा खड्डा सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. अशा पाण्यात कोण जगणार? पण सूक्ष्म जीव तिथे सुखाने नांदतात. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासले, तेव्हा तो रंग मीठ मानवणाऱ्या सूक्ष्म जीवांचाच निघाला.

धुण्याच्या पावडरीत रक्ताचे, दुधाचे डाग काढायला विकरे घालतात. साधी विकरे सोड्याच्या पाण्यात निकामी होतात. आम्लारी पाण्यात वाढणाऱ्या जिवाणूंची टिकतात. कारखान्यात हे जिवाणू मोठ्या टाक्यांत वाढवतात.

आपल्या पिंपरीचे नावही एका जिवाणूला आहे बरं का! स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. त्याच्यापासून हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या शास्त्रज्ञांनी हॅमायसिन हे बुरशीवरचे औषध काढले.

माझ्या मामांचे सांगलीकडचे रान उसाला फार पाणी देऊन चोपण झाले. मामा म्हणाले, "लोणारचे जिवाणू टाकले तर सुधारेल का रे?" मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "जिवाणू रानातले मीठ खाऊन टाकत नाहीत. आधी चर काढून पाण्याचा निचरा करायचा, माती तपासून जिप्सम घालायचे. मग खारात तगणारे जिवाणू मातीतले स्फुरद विरघळवून मुळांना देऊ शकतात." पालकहो, औषधाच्या पुडीआधी माती तपासा. मामांनी चर खणायला घेतला आहे.