बेरीज न होणारे दोन आकडे

टेक्सास विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये 1992 साली प्रवेशासाठी एक सोपे सूत्र वापरात होते. एलसॅट या प्रवेशपरीक्षेचे गुण घ्यायचे, त्यात पदवीच्या जीपीएची दहापट मिळवायची आणि येईल त्या आकड्याला 'टेक्सास इंडेक्स' म्हणायचे. शेरिल हॉपवुड या अर्जदार तरुणीचा जीपीए 3.8 होता, इंडेक्स 199. तिच्या गटातल्या उमेदवारांना प्रवेश मिळणार असे गृहीत धरण्याची रेषाही तेव्हा 199 वरच होती. तरीही तिचा अर्ज त्या रेषेखालच्या, 'विचार करू' अशा गठ्ठ्यात गेला. ती ज्या कॉलेजांत शिकली ती बहुसंख्य अर्जदारांच्या कॉलेजांच्या तोडीची नाहीत, त्यामुळे तिचा 3.8 आहे त्यापेक्षा मोठा दिसतो, असे फाईल वाचणाऱ्या प्राध्यापकाचे मत पडले. हॉपवुडने पुढे जो खटला भरला तो प्रवेशात वंशाच्या आधारे मिळणाऱ्या प्राधान्याविरुद्ध होता, आणि 1996 मध्ये पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. खटल्याचा मुख्य मुद्दा सगळ्यांना ठाऊक असतो. जीपीए आणि इंडेक्सचा हा तपशील मात्र फारसा कोणी वाचत नाही.

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये वाढलेली एक मराठी तरुणी तो आवर्जून सांगते. आज ती वकील आहे आणि लॉ स्कूलला अर्ज करू पाहणारी मराठी मुले-मुली तिच्याकडे सल्ल्याला येतात. गुणांची बेरीज करून स्वतःची पायरी ठरवू नका, हे तिचे पहिले सांगणे असते. तिच्या स्वतःच्या वेळी एका सल्लागार संस्थेने नेमके तेच केले होते. तिचा जीपीए साधारण, एलसॅट उत्तम. संस्थेच्या तक्त्यात दोन्हींची सरासरी निघाली 'मध्यम', आणि तिच्या हाती मध्यम दर्जाच्या शाळांची यादी पडली. त्या यादीप्रमाणे अर्ज गेले, प्रवेशही मिळाले. पण ज्या शाळांना तिच्या एलसॅटची खरी गरज होती, त्यांच्यापर्यंत तिचे नाव पोचलेच नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचे ठरले, तेव्हा तिने तक्ता बाजूला ठेवला आणि शाळांनी स्वतः जाहीर केलेले आकडे वाचायला घेतले.

अमेरिकेत कायद्याची जेडी ही पदवी सहसा आधी दुसरी पदवी घेऊनच करतात. अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता असलेल्या प्रत्येक लॉ स्कूलला दरवर्षी 509 क्रमांकाच्या नियमाखाली माहिती जाहीर करावी लागते. नव्या वर्गाचा एलसॅट आणि जीपीए त्यात तीन जागी मोजलेला असतो: खालून पाव वर्ग संपतो तिथे, मधोमध आणि पाऊण वर्ग संपतो तिथे. मधला आकडा म्हणजे मध्यक, आणि खरे वजन त्याचे. येल, हार्वर्ड, स्टॅनफर्डचा एलसॅटचा मध्यक अलीकडच्या वर्षांत 173 ते 175 च्या दरम्यान राहिला आहे. परीक्षेचे गुण 120 पासून 180 पर्यंत मिळतात, हे लक्षात घेतले की ही उंची कळते. बर्कलीचा मध्यक 170 च्या आसपास आहे. जीपीएचा मध्यक या सगळ्यांकडे 3.9 च्या घरात किंवा त्याहून वर.

आपल्याकडचा विद्यार्थी हे आकडे बघतो आणि त्याला कटऑफ आठवतो. त्याचा दोष नाही, तो त्याच व्यवस्थेत वाढला आहे. कायद्याच्या पदवीप्रवेशाच्या क्लॅट या परीक्षेला बसायला खुल्या गटातून बारावीला 45 टक्के लागतात. तेवढे मिळाले की बारावीचे काम संपले, पुढची गुणवत्ता यादी परीक्षेवर लागते. यादीत 900 वा आला त्याच्यापुढे 899 जण, हिशेब सरळ. मध्यकाचा हिशेब तसा चालत नाही. वर्गातली अर्धी मुले त्या आकड्यावर किंवा त्याच्या खाली असतातच. शाळेला एवढेच बघायचे असते, की तुमच्यामुळे मधली रेषा वर राहते की खाली जाते.

इथे थोडे थांबायला हवे, कारण बहुतेक चुकीचे निर्णय याच ठिकाणी होतात. समजा एका शाळेचा मध्यक जीपीएचा 3.9 आणि एलसॅटचा 172 आहे. एका अर्जदाराकडे 3.85 आणि 171 आहेत. दोन्हीकडे अगदी थोडे कमी. आपल्या मनाला तो 'जवळपास बसणारा' वाटतो. दुसऱ्या एका अर्जदार मुलीकडे 3.4 आणि 174. जीपीएत ती पार मागे. पण मध्यकाच्या दृष्टीने 3.85 आणि 3.4 दोन्ही रेषेखालचेच, आणि दोघेही रेषा सारख्याच प्रमाणात खाली ओढतात. 174 मात्र दुसरी रेषा वर धरून ठेवतो. म्हणजे जवळपास बसणारा अर्जदार शाळेला दोन्हीकडून महाग पडतो, आणि पार मागे असलेली मुलगी एकीकडून उपयोगाची ठरते. अशा असमान आकड्यांच्या अर्जदारांना तिथे 'स्प्लिटर' म्हणतात. जीपीए उंच आणि एलसॅट खाली असेल तर 'रिव्हर्स स्प्लिटर'. खालच्या पाव वर्गाचा आकडाही जाहीर होत असल्याने शाळा खोल घसरण आंधळेपणाने स्वीकारत नाहीत, आणि फाईल वाचणारा माणूस हॉपवुडच्या काळी होता तसा आजही असतो. तरी दिशा हीच.

शाळा या रेषेला एवढे का जपतात? बरीच वर्षे यूएस न्यूज या प्रकाशनाच्या लॉ स्कूल क्रमवारीत एलसॅट आणि जीपीए मिळून एकूण गुणांचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडे अधिक व्यापत. हव्यास कुठवर जातो हे इलिनॉय विद्यापीठाच्या लॉ स्कूलने दाखवले. तिथे अनेक वर्षे एलसॅट आणि जीपीएचे वाढवलेले आकडे जाहीर होत होते. 2011 मध्ये ते उघडकीला आले आणि पुढच्या वर्षी बार असोसिएशनने शाळेला जाहीर ठपका आणि अडीच लाख डॉलर दंड केला. नोव्हेंबर 2022 मध्ये येल आणि हार्वर्डने एकाच दिवशी क्रमवारीतून अंग काढून घेतले, मागोमाग आणखी शाळा बाहेर पडल्या, आणि 2023 च्या क्रमवारीत या दोन आकड्यांचे वजन निम्म्याहून कमी झाले. मध्यकाची ओढ मात्र ओसरलेली नाही. शाळा आजही नव्या वर्गाची ओळख याच दोन आकड्यांनी करून देतात.

आता जीपीएकडे. एडिसनच्या त्या तरुणीच्या विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर 3.52 होते. शाळांपुढे गेले 3.38. प्रवेशप्रक्रिया सांभाळणारी एलसॅक ही संस्था प्रत्येकाचा जीपीए स्वतःच्या नियमांनी नव्याने काढते, आणि हे नियम कॉलेजातल्या मुलांना वेळेवर कोणी सांगत नाही. तिने इंजिनिअरिंगमधले दोन विषय पुन्हा घेतले होते. विद्यापीठाने जुनी ग्रेड काढून नवी धरली. एलसॅकने दोन्ही मोजल्या, कारण दोन्ही गुणपत्रिकेवर दिसत होत्या. हायस्कूलमध्ये असताना उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात एक विषय केला होता, त्यातला 'सी' तिच्या लक्षातही नव्हता. तोही मोजला गेला. पहिली पदवी हाती येईपर्यंत घेतलेला कॉलेज पातळीवरचा प्रत्येक ग्रेडचा विषय त्यात येतो. त्यानंतरचे काहीच येत नाही. मास्टर्समध्ये कितीही चांगले गुण मिळवले तरी हा आकडा हलत नाही. उलट ज्या विद्यापीठात 'ए प्लस' मिळतो तिथला तो एलसॅककडे 4.33 धरला जातो, म्हणून काहींचा जीपीए चारच्या वर दिसतो.

एडिसन, फ्रीमाँट, नेपरव्हिल इथली मराठी मुले दहावी-अकरावीतच कॉलेजचे विषय घेतात, आईवडील कौतुकाने घेऊ देतात. ज्याला पुढे लॉ स्कूलचा विचार करायचा आहे त्याने तो विषय बेफिकिरीने घेऊ नये, एवढे ती प्रत्येक घरी सांगते. पंधराव्या वर्षीची ग्रेड बाविसाव्या वर्षी मोजली जाते, यावर आधी कोणाचा विश्वास बसत नाही.

जीपीए घसरण्यामागे खरे कारण असेल, आजारपण, घरातला मृत्यू, नोकरी करत शिकणे, तर अर्जाला स्पष्टीकरणाचे एक पान जोडता येते. तिच्या मते ते अर्ध्या पानाच्या वर नसावे: काय झाले, केव्हा झाले, नंतर गुण कसे सुधारले. 'इंजिनिअरिंग अवघड असते' हे स्पष्टीकरण नव्हे. ते वाचणाऱ्याला गुणपत्रिकेवरूनच दिसते.

तिच्या पुण्याच्या धाकट्या मावसबहिणीची गोष्ट वेगळी. पुणे विद्यापीठाची अर्थशास्त्रातली बी.ए., 68 टक्के. "अमेरिकेत 68 म्हणजे नापासच की गं ताई," ही तिची पहिली भीती. तसे होत नाही. अमेरिका-कॅनडाबाहेरच्या पदवीला एलसॅक जीपीए देतच नाही. गुणपत्रिका तपासून फक्त शब्दांत शेरा मिळतो: सुपीरियर, अबव्ह ॲव्हरेज, ॲव्हरेज किंवा बिलो ॲव्हरेज. आपल्याकडे साठाच्या पुढे प्रथम वर्ग असतो, हे तपासणाऱ्यांना ठाऊक असते. पण आकडाच नसल्यामुळे या मुलीचे गुण शाळेच्या जीपीएच्या मध्यकात धरले जात नाहीत. ते वर नेत नाहीत, खालीही ओढत नाहीत. मोजायला उरते ती फक्त एलसॅट.

म्हणून भारतातून जेडीला जाणाऱ्यासाठी परीक्षेचे वजन अमेरिकन मुलापेक्षाही जास्त. चांगल्या शेऱ्यासोबत मध्यकाच्या वरची एलसॅट आली तर अर्ज उठून दिसतो. मध्यकाच्या खालची आली तर ती भरून काढायला दुसरा आकडा जवळ नसतो. धाकटीने ओळखीतल्या कोणाच्या सांगण्यावरून एलसॅट-इंडियाची जुनी पुस्तके आणून ठेवली होती. ती भारतातल्या कॉलेजांसाठीची निराळी परीक्षा, आता बंदही झाली आहे. जेडीला ती कधीच चालत नव्हती. मूळ एलसॅटही बदलली आहे. ऑगस्ट 2024 पासून लॉजिक गेम्सचा विभाग गेला. आता तर्काचे दोन आणि वाचनाचा एक असे तीन विभाग गुणांसाठी, आणि बिनगुणांचा एक. प्रत्येकी 35 मिनिटे. त्याआधीच्या पुस्तकांतले गेम्स सोडवत बसलेल्या मुलांचे महिने वाया जातात. एलसॅकच्या लॉहब या संकेतस्थळावर अधिकृत सरावपरीक्षा मोफतही मिळतात, सुरुवात तिथून करावी.

परीक्षा पुन्हा द्यावी का, हा प्रश्न हमखास येतो. 2006 पासून शाळांना प्रत्येक विद्यार्थ्याचे सर्वांत जास्त गुण कळवायचे असतात. त्याआधी सरासरी कळवावी लागे. त्यामुळे पुन्हा देण्यात शाळेचा तोटा नाही. बाकीचे गुणही शाळेला दिसतात, आणि पाच वर्षांत पाच, आयुष्यात सात एवढीच मुभा आहे. थोरलीचा नियम साधा: सरावातले शेवटचे काही निकाल प्रत्यक्ष गुणांपेक्षा सातत्याने वर असतील तरच पुन्हा बसा. एलसॅक स्वतः प्रत्येक निकालासोबत वरखाली सुमारे तीन गुणांचा पट्टा देते. 169 आणि 171 मधला फरक बुद्धीचा असेलच असे नाही, पण मध्यक 170 असेल तर त्या दोन गुणांची किंमत मोठी असते. ही व्यवस्था तिला न्याय्य वाटत नाही आणि ते ती उघड बोलते. मुलांना मात्र आहे ती व्यवस्था वाचायला शिकवते.

शेवटी पैसा. मोठ्या लॉ स्कूलांची नुसती फी वर्षाला 70 हजार डॉलरांच्या वर आहे आणि परदेशी विद्यार्थ्याला अमेरिकन सरकारचे शैक्षणिक कर्ज मिळत नाही. येल, हार्वर्ड आणि स्टॅनफर्ड फक्त घरची गरज बघून मदत करतात. त्यांच्या खालच्या शाळा गुण बघून शिष्यवृत्ती देतात, आणि पहिल्या तीन शाळांत जेमतेम बसणारी एलसॅट तिथे अर्धी-पाऊण फी वाचवू शकते. आपला अर्ज कुठे मध्यकाच्या वर बसतो हे माहीत असले की वाटाघाटीही करता येतात. प्रवेश मिळाल्यास येणारच, असे बांधून घेणारा 'अर्ली डिसिजन' अर्ज केला की ती संधी बहुतेक हातची जाते.

धाकटीला दोन शाळांनी प्रवेश देऊ केला. एकीची शिष्यवृत्ती बरीच मोठी. "ताई, इथे पैसे जास्त आहेत," तिने फोनवर सांगितले. "अट काय आहे ते वाच आधी," थोरली म्हणाली. अट होती, पहिल्या वर्षानंतर वर्गाच्या वरच्या भागात राहण्याची. लॉ स्कूलमध्ये गुण वक्ररेषेवर बसवतात. किती जणांना वरच्या ग्रेड मिळायच्या हे आधीच ठरलेले असते. म्हणजे मेहनत सगळ्यांनी केली तरी काहींची शिष्यवृत्ती जाणारच. असे किती जणांचे झाले, हेही 509 च्या माहितीत जाहीर करावे लागते. दोघींनी तो तक्ता काढून मागच्या वर्षांचे आकडे पाहिले. दुसऱ्या शाळेची रक्कम लहान होती, पण नीट उत्तीर्ण होत राहण्यापलीकडे तिला अट नव्हती. धाकटीने त्या शाळेला पत्र लिहून मोठ्या रकमेचा प्रस्ताव कळवला, रक्कम थोडी वाढवून घेतली आणि मुदतीच्या आत तिथली अनामत भरली.